दीड वितीची लाट

भिलवडीच्या पुढं, नदीकडच्या रस्त्याला
भूपाल मगदुमांचा साडेतीन एकर.
शहाऐंशी-बत्तीस, अकरा महिन्यांचा,
डोक्यावर आणखी दोन हात.
या बांधाला माझा ट्रान्समीटर,
त्या बांधाला बांबूवर बांधलेला अँटेना,
मधे जे आहे त्याला मी वहीत म्हणते: माध्यम.

वहीत प्रत्येक ऊस एक दंडगोल.
प्रत्येक पान एक पट्टी, जाडी जवळजवळ शून्य.
सगळे विखुरलेले,
कुणी मूठभर तांदूळ फेकावेत तसे,
कोण कुणाच्या शेजारी याला अर्थ नाही.
कूस धरलेली नाही.
संध्याकाळी एसटीत मनगटं खाजवताना आठवतं
की धरलेली नाही.

नऊशे मेगाहर्ट्झ, म्हणजे दीड वितीची लाट.
तिला ऊस दिसत नाही, पाणी दिसतं.
वाळकं पाचट ती ओलांडून जाते
तिथं काही नसल्यासारखी,
आणि हिरव्या कांड्याशी अडखळते,
कारण तिथं कृष्णा उभी असते
पेरापेरात, गोड होऊन.
उभी लाट लवकर मरते, आडवी तग धरते.
उभ्याला उभं नडतं:
हे समीकरणात आहे, भावकीतही.

त्रिशला, मगदुमांची सून,
पहिल्या दिवशी डबा ठेवून गेली.
दुसऱ्या दिवशी थांबली.
"यात दिसतंय का, फोन का लागत न्हाई ते?"
घर उसाच्या पोटात, टॉवर पार पलीकडं.
जूनमध्ये ऊस कमरेला, तेव्हा बेडकिहाळची आई
शेजारी बसल्यासारखी,
गणपतीत तुटक,
दिवाळीला नुसतं हॅलो, हॅलो.
मग ती पाण्याच्या टाकीवर चढते.
दीर अंगणात असले की चढत नाही.
"ऊस वाढला की आई बारीक होती," म्हणाली,
आणि रिकामा डबा घेऊन गेली.
मी ते वाक्य समासात लिहिलं.
खाली माझं सूत्र होतं, तेच सांगणारं,
दीड पान घेऊन.

गणित आणि मोजणी यांच्यात नऊ डेसिबल.
तीन आठवडे मी ती चूक
केबलमध्ये शोधली, कनेक्टरमध्ये,
पानं भट्टीत वाळवून काढलेल्या ओलाव्यात.
भूपालअण्णा मोटार चालू करायला निघालेले, थांबले.
"आडवं का मारताय? सरीतनं मारा की.
पाणी सरीतनं जातंय, कोल्हा सरीतनं जातोय,
मी हाक मारतो ती पण."

अँटेना चार पावलं सरकवला.
आकडा चढला.
अण्णा तोवर मोटारीपाशी पोचलेले,
मागं वळूनही बघितलं नाही.

तांदूळ मी फेकले होते.
त्यांनी साडेचार फुटांवर दोरी धरून
वाकून, एकेक कांडी लावली होती.
त्या रात्री वहीतला "विखुरलेले" हा शब्द खोडला
आणि त्या जागी काय लिहावं ते सुचेना.
पुढची सगळी पानं बदलावी लागली.
तरी दोन डेसिबल अजून उरतात.
दहिवर असेल. वारा. एखादं घुबड.
त्यांना मी नाव दिलेलं नाही.

जानेवारीत तोड आली.
पाच दिवसांत माझं माध्यम
ट्रॉलीत भरून, करकरत, कारखान्याला गेलं.
ट्रान्समीटर आणि अँटेना समोरासमोर,
मधे नुसती हवा,
आकडा पुस्तकातल्यासारखा बरोबर.
इतका बरोबर की पुन्हा मोजावासा वाटेना.

त्रिशला उंबऱ्यावर बसून आईशी बोलत होती,
मोठ्यानं, सवयीनं.
ओरडू नको, ऐकू येतंय, असं पलीकडून आलं असावं,
कारण ती एकदम गप्प झाली,
मग हसली, मग हळू बोलायला लागली,
मला ऐकू येईना.
फोन ठेवून म्हणाली,
"आता काय, रोज लागतोय.
रोज काय बोलायचं?"

मी वायरी गुंडाळत होते.
पायाशी खोडवा फुटलेला,
चार बोटं, पोपटी.
दीड वितीच्या लाटेला
तो अजून कळत नाही.